गोठ्याचें पाणी आणि शेवाळाची शेती

मराठी भाषेंत शेवाळ या शब्दास मान नाहीं. पाणी साचलें, कुजलें, घाटाची पायरी निसरडी झाली, कीं तो शब्द तोंडीं येतो. आणि ज्या विहिरीचें पाणी उपसलें जात नाहीं तिला लोक शेवाळलेली म्हणतात, तेव्हां त्या म्हणण्यांत विहिरीपेक्षां तिच्या धन्याचीच निंदा अधिक असते. शेणाचें तसें नाहीं. शेणानें अंगण सारवतात, गोवरी चुलींत जाते, उकिरडा शेताचें पोट भरतो. परंतु त्याच गोठ्यांतून वाहून जाणारें पाणी, म्हणजे गोमूत्र, धुण्याचें पाणी आणि त्यांत विरघळलेलें शेण यांचें मिश्रण, कोणाच्याही जमाखर्चांत येत नाहीं. या दोन उपेक्षित वस्तूंची गांठ घालून दिली तर शेवाळाचें पोषण आणि पाण्याची शुद्धि हीं दोन्हीं कार्यें एकदम साधतात, हा विचार गेल्या पाऊणशें वर्षांत जगांत पुन्हां पुन्हां पुढें आला आहे. त्या विचाराचा उगम कोठें झाला, तो कोठें फळला व कोठें सुकला, आणि जालन्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यानें त्यांतून काय घ्यावें व काय सोडावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

जालना हा जिल्हा म्हणून वयानें लहान आहे. १९८१ सालच्या १ मे रोजीं तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यांतील परतूर मिळून तो निर्माण झाला. शहर मात्र जुनें. 'जालना सोने का पालना' ही म्हण तेथील पेठेच्या वैभवाची साक्ष देते. परंतु त्या पाळण्याची दोरी नेहमीं पाण्याच्याच हातीं राहिली, हें तेथील तलाव सांगतात. प्रथम जमशेदखानाचा मोती तलाव, पुढें निजामी अमदानींतील घाणेवाडीचा जलाशय, आणि अलीकडे जायकवाडी धरणांतून नळानें आणलेलें गोदावरीचें पाणी, अशी ही परंपरा आहे. प्रत्येक काळीं पूर्वीपेक्षां अधिक दूर जाऊन पाणी आणावें लागलें. पाऊस वर्षास सरासरीनें सातशें मिलिमीटरांच्या आसपास पडतो. पण सरासरी हा शब्द शेतकऱ्याच्या उपयोगाचा नव्हे. १९७२ चा दुष्काळ अजून वृद्धांच्या बोलण्यांत आहे, आणि २०१२-१३ सालीं याच जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या.

गुरांचा इतिहासही पाण्याच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १८०३ च्या सप्टेंबरांत कर्नल स्टीव्हन्सन यानें जालन्याचा किल्ला घेतला, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस भोकरदन भागांतील असईच्या मैदानावर वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांची लढाई झाली. इतिहासकार त्या दिवशींच्या तोफा मोजतात. त्या तोफा ओढणारे बैल कोणी मोजीत नाहीं. परंतु बैलांच्या पाठी आणि बंजाऱ्यांचे तांडे यांवांचून ती मोहीम एक मुक्कामही पुढें सरकली नसती. सैन्यें गेलीं, गुरें राहिलीं. आजही जिल्ह्यांतील बहुतेक घरांच्या दावणीला दोन-चार जनावरें असतात. अशा घरचें गोठ्याचें पाणी घागरीनें मोजण्याइतकें असतें, आणि तें परसांतल्या केळीच्या बुडाशीं जिरतें. प्रश्न उभा राहतो तो गुरें एकत्र आलीं म्हणजे: गोशाळेंत, दुग्धशाळेंत, आणि दुष्काळाच्या सालीं शेंकडों जनावरें एका माळावर बांधणाऱ्या चारा छावणींत. तेथें जमीन तेवढीच, आणि शेणमूत्र मात्र शंभरपट. जें घरीं खत असतें तेंच तेथें उपद्रव होतें. पावसाचा पहिला सडाका आला कीं तें ओढ्यास मिळतें, ओढ्यांतून विहिरींत झिरपतें, आणि पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट वाढवितें.

आतां शेवाळाकडे वळूं. जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्यास शेवाळ ठाऊक आहे तें शत्रु म्हणून. जालना तालुक्यांतील कडवंची या गांवाचें नांव महाराष्ट्रांत पुष्कळांनीं ऐकलें असेल. १९९६ नंतर भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखालीं, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साहाय्यानें, त्या गांवानें आपल्या शिवाराचें पाणी अडविलें. पुढें तेथें प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलीं शेंकडों शेततळीं झालीं आणि त्यांवर द्राक्षांचे मळे उभे राहिले. परंतु उघड्या, उथळ, उन्हांत तापणाऱ्या पाण्यांत खताचा अंश उतरला कीं शेवाळ आलेंच. तें गाळणींत अडकतें, ठिबकच्या तोट्या बुजवितें, आणि ऐन उन्हाळ्यांत वेलीच्या मुळाशीं पाणी पोहोंचेनासें होतें. मग कोणी मोरचूद टाकतो, कोणी क्लोरीन सोडतो, कोणी गाळणी उघडून तो हिरवा लगदा खरडून बांधावर फेकतो. त्या फेकलेल्या लगद्यांत शेतांतून निसटलेला नत्र आणि स्फुरद असतो, आणि तोच नत्र नि तोच स्फुरद तो शेतकरी दुसऱ्या दिवशीं गोणीनें विकत आणतो. शेवाळाच्या शेतीचा सारा विचार या एका विसंगतींतून जन्मला आहे.

निसर्गानें या शेतीचा एक भव्य नमुना जालन्याच्या वेशीवरच मांडून ठेविला आहे. मंठ्याच्या पुढें, बुलढाणा जिल्ह्यांत, लोणारचें सरोवर आहे. उल्कापातानें झालेल्या त्या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून त्यांतील पाणी अत्यंत खारें व क्षारधर्मी आहे. साबण आणि कांच यांना लागणारा खार येथें मिळतो, याची नोंद अकबराच्या काळीं 'आइन-इ-अकबरी'नें घेतली. त्या पाण्यांत मासा जगत नाहीं. परंतु स्पिरुलिना नांवाचें मळसूत्रासारखें वळलेलें नीलहरित शेवाळ तेथें सुखानें नांदतें, आणि सरोवराचा एरवींचा हिरवा रंग बव्हंशीं अशा शेवाळाचाच होय. २०२० च्या जून महिन्यांत तें पाणी एकाएकीं गुलाबी झालें तेव्हां लोक चकित झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें कीं हा रंग खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे. लोणारचें सरोवर आज संरक्षित आहे आणि तें तसेंच राहिलें पाहिजे. पण ज्यास आपण मृत पाणी म्हणतों तें एखाद्या जीवाचें सुपीक शेत असूं शकतें, हा धडा तें शतकानुशतकें देत आलें आहे.

हा धडा कांहीं लोकांनीं फार पूर्वीं गिरविला होता. मेक्सिकोंतील ॲझ्टेक लोक तलावावरील हिरवी साय जाळ्यांनीं गोळा करून, वाळवून, तिच्या वड्या बाजारांत विकीत. सोळाव्या शतकांतील स्पॅनिश लेखकांनीं त्याचें वर्णन केलें आहे. आफ्रिकेंत चाड सरोवराच्या कांठीं स्त्रिया आजही तसेंच शेवाळ वाळूंत पसरून वाळवितात आणि कालवणांत घालतात. १९६० नंतरच्या दशकांत लेओनार या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञानें तिकडे जगाचें लक्ष वेधलें. हीं दोन्हीं उदाहरणें एकमेकांपासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर आहेत. तेव्हां भुकेनें आणि निरीक्षणानें माणसास हें ज्ञान स्वतंत्रपणें दोनदां दिलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

शास्त्राचा प्रवास निराळ्या वाटेनें झाला. १८९० सालीं बेयेरिंक या डच शास्त्रज्ञानें क्लोरेला नांवाचें एकपेशीय हिरवें शेवाळ वेगळें काढून वाढविलें. पहिल्या महायुद्धानंतर ओटो वारबुर्ग यानें सूर्यप्रकाशापासून अन्न कसें बनतें हें शोधण्यासाठीं तेंच शेवाळ हाताशीं घेतलें. हिंदुस्थानाच्या दृष्टीनें महत्त्वाचें वर्ष १९३९ हें होय. त्या वर्षीं पी. के. डे यांनीं बंगालच्या भातखाचरांतील मातीवरून असें दाखवून दिलें कीं, भातास वर्षानुवर्षें नत्र पुरतो तो पाण्यांतील नीलहरित शेवाळ हवेंतून बांधून घेतें म्हणून. ज्या शेवाळास खाचरांतला मळ समजत तें बिनपगारी सालगडी निघालें! पुढें काशी येथें रा. ना. सिंह यांनीं हाच धागा धरून ऊसर जमिनी शेवाळानें सुधारण्याचे प्रयोग केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगापुढें भुकेचें भय उभें राहिलें, आणि क्लोरेलावर अवास्तव आशा बांधल्या गेल्या. १९५३ सालीं अमेरिकेंत कार्नेगी संस्थेनें बर्ल्यू यांनीं संपादिलेला शेवाळाच्या लागवडीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. शेवाळाच्या कोरड्या वजनांत निम्म्याच्या आसपास प्रथिनें असतात, तेव्हां उद्यांची भाकरी शेतांतून न येतां हौदांतून येईल, असें लोक बोलूं लागले. ती भाकरी आली नाहीं. शुद्ध पाणी, शुद्ध क्षार आणि यंत्रें यांवर वाढविलेलें शेवाळ सोयाबीनपेक्षां फार महाग पडलें. आशा ओसरली, पण तिनें मागें एक प्रश्न ठेविला: शेवाळास विकतचीं खतें कां द्यावीं? जें पाणी फेंकावयाचें आहे तेंच त्यास कां देऊं नये?

या प्रश्नाचें उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठांत विल्यम ऑस्वाल्ड यांनीं दिलें. १९५७ सालीं त्यांनीं व गोटास यांनीं मांडलेली कल्पना समजण्यास सोपी आहे. सांडपाण्यांतील मळ जीवाणू खातात. त्यासाठीं त्यांस प्राणवायु लागतो, आणि तो पुरविण्यासाठीं शहरें विजेचे पंप चालवितात. ऑस्वाल्ड म्हणाले, हें काम सूर्यावर सोंपवा. जीवाणूंनीं सोडलेला कर्बवायु आणि मोकळे केलेले नत्र व स्फुरद शेवाळ घेईल. शेवाळानें सोडलेला प्राणवायु जीवाणू घेतील. एक किलो शेवाळ तयार होतांना सुमारें दीड किलो प्राणवायु पाण्यांत सुटतो. यासाठीं तळें खोल नको. एक फुटाच्या आसपास उथळ हवें, म्हणजे ऊन तळापर्यंत पोहोंचेल, आणि वल्ह्यांच्या चाकानें पाणी संथ फिरतें ठेवावें, म्हणजे शेवाळ तळाशीं बसणार नाहीं. पाणी कांहीं दिवस अशा तळ्यांत राहिलें कीं त्याची दुर्गंधि जाते. दोनच वर्षांनीं, १९५९ सालीं, ऑस्वाल्ड व गोलूके यांनीं त्यापुढचें पाऊल टाकलें: वाढलेलें शेवाळ बंद टाकींत कुजवून त्याचा जळाऊ वायु करावा, आणि उरलेलें पाणी पुन्हां शेवाळास द्यावें.

येथें आपल्या देशाचा धागा जुळतो, कारण बंद टाकींत मैला कुजवून वायु काढण्याची कला आपणांस नवी नव्हती. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत १८९७ सालीं मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लावले गेले होते. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेंत देसाई यांनीं शेणाच्या वायूचे प्रयोग केले. १९५० नंतर जशभाई पटेल यांनीं तरंगत्या टोपाचें गोबर गॅस संयंत्र शेतकऱ्याच्या अंगणांत आणलें, आणि खादी ग्रामोद्योग आयोगानें त्याचा प्रसार केला. महाराष्ट्रांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं कणकवलीजवळील गोपुरी आश्रमांत मलमूत्राच्या सदुपयोगास व्रताचें स्थान दिलें, आणि देहू येथें डॉ. मापुसकर यांनीं शौचालयास वायुसंयंत्र जोडण्याची त्यांची परंपरा चालविली. नागपुरास १९५८ सालीं स्थापन झालेली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था, जी १९७४ पासून 'नीरी' या नांवानें ओळखली जाते, तिनें आपल्या हवामानांत शेवाळाच्या जोरावर चालणाऱ्या तळ्यांचा अभ्यास केला. १९७० सालीं अर्सीवाला व त्यांचे सहकारी यांनीं त्यावर पुस्तकही लिहिलें. सारांश, टाकी आमच्याकडे होती, ऊन आमच्याकडे होतें, शेण तर होतेंच, आणि विद्वानही होते. तरी गोठ्याच्या मागें शेवाळाचें तळें आलें नाहीं. तें कां आलें नाहीं, हाच या इतिहासांतील खरा प्रश्न आहे.

पहिलें कारण रंगाचें आहे. गोबर गॅसच्या टाकींतून निघणारी मळी काळपट तपकिरी असते. तींत ऊन शिरत नाहीं, आणि ऊन नाहीं तेथें शेवाळ नाहीं. शिवाय तींतला अमोनिया दाट असला तर तो शेवाळास विषासारखा बाधतो. म्हणून मळी आधीं निवळावी लागते, आणि मग तींत कित्येक पट पाणी मिसळावें लागतें. प्रक्रिया केलेलें सांडपाणी असें शास्त्रज्ञ आग्रहानें म्हणतात तें यासाठींच. ताजें शेण तळ्यांत लोटलें तर शेवाळ वाढत नाहीं, फक्त डांस वाढतात.

दुसरें कारण कापणीचें. गव्हाचें शेत पिकलें कीं विळा चालतो. शेवाळाच्या शेतांत विळा कोणता? क्लोरेलाची पेशी मिलिमीटराच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते, ती कापडांतून निसटते. आणि भरास आलेल्या तळ्यांतही एका लिटरास अर्धा ते एक ग्रॅमच कोरडें शेवाळ असतें. म्हणजे किलोभर शेवाळासाठीं हजार ते दोन हजार लिटर पाणी गाळावयाचें! स्पिरुलिनाची कीर्ति वाढली ती याच अडचणीमुळें. तिचा तंतु लांब व वळलेला असल्यामुळें ती साध्या कापडावर अडकते. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेंत वेंकटरामन व जर्मन शास्त्रज्ञ बेकर यांनीं, आणि मद्रासेस मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रांत शेषाद्रि यांनीं, खेड्यांत परवडेल अशा रीतीनें ती वाढविण्याचे दीर्घ प्रयोग केले. पण माणसानें खावयाची वस्तु गुरांच्या सांडपाण्यावर वाढवावी कीं नाहीं, ही शंका राहिलीच. आणि बाजारांतील स्पिरुलिना अखेर स्वच्छ पाण्यावर व विकतच्या सोड्यावर वाढूं लागली. अमेरिकेंत मेरीलंड राज्यांत वॉल्टर मलब्री यांनीं दुसरी तोड काढली. तरंगणारें शेवाळ सोडून त्यांनीं जाळीवर चिकटून वाढणारें तंतुमय शेवाळ घेतलें. उतारावर जाळी पसरली, तीवरून दुग्धशाळेचें निवळलेलें पाणी खेळविलें, आणि हिरवळ वाढली कीं ती खरडून वाळविली. हें वाळलेलें शेवाळ त्यांनीं जनावरांपुढें न टाकतां खत म्हणून मातीस दिलें. या साधेपणांत मोठें शहाणपण आहे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या खेड्यांतून या शर्यतींत अझोला पुढें गेला, त्याचेंही कारण कापणीच. अझोला हें शेवाळ नव्हे. ती पाण्यावर तरंगणारी नेच्याच्या जातीची वनस्पति आहे. पण तिच्या पानाच्या पोकळींत नीलहरित शेवाळ बिऱ्हाड करून असतें आणि तिला हवेंतला नत्र पुरवितें. शेतकरी झाडाच्या सावलींत खड्डा करतो, प्लॅस्टिक अंथरतो, चाळलेली माती, शेणकाला व थोडें सुपर फॉस्फेट घालतो, आणि कांहीं दिवसांनीं टोपलीनें अझोला काढून, धुऊन, म्हशीच्या आंबोणांत मिसळतो. कापडही नको, यंत्रही नको. शास्त्राचा विजय पुष्कळदां असा चाळणीच्या भोकावर अवलंबून असतो.

तिसरें कारण भयाचें, आणि तें खोटें नाहीं. १८७८ सालीं जॉर्ज फ्रान्सिस यांनीं ऑस्ट्रेलियांतील एका सरोवरावर हिरवी साय धरल्याचें आणि तें पाणी पिऊन गुरें, मेंढ्या व घोडे तडकाफडकी मेल्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. नीलहरित शेवाळाच्या कांहीं जाति जहाल विष निर्माण करतात, हें पुढें सिद्ध झालें. तेव्हां दुष्काळांत आटत चाललेल्या, शेणानें गढूळ व वर हिरवट साय आलेल्या डबक्यावर गुरें पाजणें हा जीवाशीं खेळ आहे. शेवाळाची शेती करणारानें कोणतें शेवाळ वाढतें आहे हें जाणलें पाहिजे, आणि तें तळें दावणीपासून कुंपणानें वेगळें ठेविलें पाहिजे. तसेंच शेवाळ पाण्यांतले जड धातुही ओढून घेतें. जालना हें लोखंडाच्या गिरण्यांचें शहर असल्यामुळें हें तेथें विशेष लक्षांत ठेवावयाचें. कारखान्याचें पाणी आणि गोठ्याचें पाणी एकत्र झालें तर त्या शेवाळाचें खतही करूं नये.

परंतु हीं तिन्ही कारणें बाजूस ठेविलीं तरी जालन्यापुरतें चौथें कारण उरतें, आणि तें सर्वांत जड आहे. त्यासाठीं थोडें गणित करूं. दहा जनावरांचा गोठा धरला. दर जनावरामागें रोज बारा किलो शेण धरलें तर एकशेंवीस किलो होतें. शेणाच्या किलोस सुमारें चाळीस लिटर वायु निघतो, या हिशेबानें जवळजवळ पांच घनमीटर वायु मिळेल. एका मोठ्या कुटुंबाची चूल त्यावर सहज चालेल. येथवर सर्व लाभच लाभ. आतां त्या शेणांत नत्र असतो सुमारें चारशें ग्रॅम. शेवाळाच्या कोरड्या वजनांत नत्र शेंकडा आठ धरला, तर त्यावर रोज पांच किलो शेवाळ पोसलें जाईल. तळ्याच्या एका चौरस मीटरांत रोज पंधरा ग्रॅम शेवाळ वाढतें असें मानलें, तर तळें हवें सुमारें तीनशें तेहतीस चौरस मीटरांचें, म्हणजे सव्वातीन गुंठ्यांचें. आणि मराठवाड्याच्या वैशाखांत उघड्या पाण्याची पातळी दिवसास एक सेंटिमीटर उतरते. म्हणजे या तळ्यांतून रोज तीन हजारांहून अधिक लिटर पाणी वाफ होऊन जाईल! त्या दहा जनावरांस पिण्यास मात्र रोज पांचशें लिटर पुरतें. जें तळें गुरांच्या सहापट पाणी पितें, तें टँकरच्या गांवांत कोण बांधील? फूटभर खोलीचें पाणी महिन्याभरांत तळ दाखवील, आणि मागें उरेल तो क्षार.

हें गणित ज्यांनीं केलें नाहीं त्यांनीं परदेशांतील चित्रें पाहून जालन्यांत हिरव्या तळ्यांचीं स्वप्नें पाहिलीं तर नवल नाहीं. सिंगापुराचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. तेथें १९७० नंतरच्या दशकांत डुकरांच्या खोराड्यांतील सांडपाण्यावर शेवाळाचीं तळीं चालविण्याचे गंभीर प्रयोग झाले. तेथें पाऊस मुबलक, ऊन बारमाही, शेवाळ वाढलेंही. पण १९८४ सालीं त्या राज्यानें जमीन व पाणी वांचविण्यासाठीं वराहपालनच बंद करण्याचें धोरण स्वीकारलें, आणि तो सारा खटाटोप कागदांत राहिला. पाण्याचा प्रश्न केवळ पाण्याच्या शास्त्रानें सुटत नाहीं, तो देशाच्या निवडीवर सुटतो, हें यावरून दिसतें.

मग जालन्यानें हा विचार टाकून द्यावा काय? आमचें मत तसें नाहीं. इतिहासानें त्याची मर्यादा दाखविली आहे, त्याची निरर्थकता नव्हे. जेथें गोठ्यास लागून शेत आहे, तेथें टाकींतून निघालेली मळी थेट शेतांत घालावी. मातीसारखें शेवाळाचें तळें दुसरें नाहीं, आणि ती पाणी उडवीतही नाहीं. कडवंचीच्या द्राक्षांस किंवा अंबडच्या मोसंबीस ती मळी मिळावी आणि मध्यें कोणताही हौद नसावा, हेंच उत्तम. परंतु जेथें गुरें पुष्कळ आणि जमीन थोडी, अशा गोशाळा व दुग्धशाळा यांस आतां मोकळीक राहिलेली नाहीं. २०२० सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें त्यांच्यासाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि सांडपाणी नाल्यांत सोडून हात झटकण्याचे दिवस संपत आले आहेत. त्यांस पाणी शुद्ध करणें भागच आहे. तें विजेनें करावयाचें कीं उन्हानें, एवढीच निवड आहे.

आणि तेथेंही बारमाही तळें न ठेवितां हंगामी तळें ठेवावें, असें आम्ही सुचवितों. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून माघापर्यंत पाणी असतें, वाफ वैशाखाच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि रब्बीच्या पिकास खताची व पाण्याची भूक असते. या काळांत निवळलेली मळी शेततळ्याच्या पाण्यानें पातळ करून लहानशा उथळ वाफ्यांत खेळवावी. तरंगतें शेवाळ गाळण्याच्या भानगडींत न पडतां जाळीवरचें शेवाळ खरडावें, तें वाळवून खतांत घालावें, आणि वापरलेलें पाणी चाऱ्याच्या पिकास सोडावें. फाल्गुनांत वाफा कोरडा पडूं द्यावा. जो शेतकरी खरीप व रब्बी यांचा भेद जाणतो त्यास शेवाळालाही हंगाम असतो हें सांगावयास वेळ लागणार नाहीं. आजवरच्या प्रयोगांनीं शेवाळाकडे कारखान्याच्या दृष्टीनें पाहिलें, म्हणून त्यास वर्षाचे तीनशें पांसष्ट दिवस राबविण्याची घाई झाली.

असा प्रयोग कोणी करील तर त्यानें एक गोष्ट अवश्य करावी: हिशेब ठेवावा. किती मळी घातली, किती पाणी मिसळलें, किती उडालें, किती शेवाळ निघालें, त्यावर ज्वारीचा किती कडबा वाढला, हें रोजच्या रोज लिहावें आणि नुकसान झालें तरी तें लपवूं नये. डे यांनीं भाताच्या खाचरांतली चिमूटभर माती तपासली म्हणून शेवाळाचें ऋण आपणांस कळलें. जालन्याच्या काळ्या मातींतील, तेथल्या उन्हांतील आणि तेथल्या गोठ्यांतील आंकडे दुसऱ्या कोणी आणून द्यावयाचे नाहींत. बी-बियाण्यांच्या संशोधनांत ज्या शहरानें १९६४ पासून, बद्रीनारायण बारवाले यांनीं 'महिको' स्थापन केल्यापासून, देशास दिशा दाखविली, त्या शहरास हें अवघड नाहीं. तोंपर्यंत कडवंचीच्या शेतकऱ्यानें गाळणींतून खरडलेला हिरवा लगदा निदान बांधावर न फेकतां उकिरड्यांत टाकावा. त्यास यंत्र लागत नाहीं, अनुदान लागत नाहीं, आणि पाण्याचा एक थेंबही लागत नाहीं.